वुनिदालोची हिरवी टाचणी

साथीमुळे फिजीची राजधानी सुवा बंद होणार असं जाहीर झालं त्या दुपारी ऑफिसातल्या प्रत्येकाने आपापल्या परीने लूट केली. कुणी संगणक उचलला, कुणी चाकांची खुर्ची, कुणी चहाची किटली. उनाइसी नाईवालूने भिंतीवरचा फळा काढला आणि टॅक्सीच्या टपावर बांधून शहराबाहेर नासिनूला घरी नेला. टॅक्सीवाल्याने मास्क हनुवटीवर ओढून विचारलं, "बाई, बाकीचे लोक तांदूळ घेऊन पळतायत, अन् तुम्ही फळी?" ती म्हणाली, "तू पुढे बघून गाडी चालव. खड्डे चुकव. एक टाचणी पडली तर उतरून तुलाच शोधायला लावीन."

टाचण्या एकतीस होत्या. फळ्यावर उत्तरेकडच्या वानुआ लेवू बेटाचा नकाशा होता आणि गेल्या डिसेंबरच्या वादळाने मोडलेल्या एकतीस गावांवर एकेक टाचणी. लाल म्हणजे काम अडलंय, पिवळी म्हणजे चालू आहे, हिरवी म्हणजे झालं. ऑफिसचं नाव भलंमोठं, प्रकल्प व्यवस्थापन कार्यालय, माणसं सात. शाळा, सभागृहं, पाण्याच्या टाक्या पुन्हा उभ्या करायच्या आणि पैसे देणाऱ्या परदेशी मंडळींना दर महिन्याला कळवायचं, हे त्यांचं काम. टाचण्यांचा रंग खरा ठेवायचा, हे उनाइसीचं.

हे काम तिने अकरा वर्षं केलं होतं आणि अकरा वर्षांत तिची एक टाचणी खोटी निघाली नव्हती. कारण सरळ होतं, ती कुणाच्या कागदावर विसंबत नसे. महिन्यातले बारा दिवस बोटीत आणि गावांत. टाकी भरली म्हणाले की बोटाच्या पेराने टाकी वाजवून बघणार. छप्पर बसलं म्हणाले की शिडी मागवणार आणि वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, पंच्याण्णव किलो वजनासकट, स्वतः चढणार. खाली चार सुतार शिडी धरून देवाचं नाव घेत उभे. छपराच्या बाबतीत तर ती कुणाचंच ऐकत नसे. ती नऊ वर्षांची असताना तिच्या नांदोवू गावात वादळात शाळेचं छप्पर उडालं होतं. आत पन्नास माणसं आसऱ्याला होती, तीन गेली. त्यातली एक तिच्या बाकावर तिच्या शेजारी बसायची. पत्रा सुटताना कसा ओरडतो हे उनाइसीला कुणी सांगावं लागत नव्हतं.

आणि आता ती स्वयंपाकघरात, शिवणयंत्राच्या वर लटकवलेल्या फळ्याखाली बसली होती. बेटांमधल्या बोटी माल नेत होत्या, माणसं नाही. नवरा जोने पहिल्याच आठवड्यात कंटाळला. "मी कसावा उकडू की तुझी मीटिंग चाललीय?" असं तो दाराआडून दबक्या आवाजात विचारी, आणि तिकडे पडद्यावर सहाही जण हसत.

ऑफिसचा प्रमुख सुबरमणी नायकर. दोघं एकदमच नोकरीला लागलेले, म्हणून अरे-तुरेचं नातं. नायकर हुशार, धांदरट आणि त्या दिवसांत पार पिचलेला. जुलैत त्याची आई लॉटोकाच्या दवाखान्यात गेली आणि याला अंत्यविधी फोनवर बघावा लागला. दुसऱ्या दिवशी तो नऊ वाजता मीटिंगला हजर. "घरी बसून करू काय?" म्हणाला. गावांशी बोलण्याची नवी रीतही अगदी सुरुवातीला त्यानेच बसवली होती. दर सोमवारी प्रत्येक गावाला फोन. बारा प्रश्नांचा फॉर्म. उत्तरं हो किंवा नाही. एका गावाला सात मिनिटं, कारण गावं एकतीस आणि दिवस एकच. शिवाय पुरावा म्हणून फोटो. रीत चांगली होती, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. महिन्याभरात निम्म्या पिवळ्या टाचण्या हिरव्या झाल्या आणि परदेशी मंडळींनी कौतुकाचं पत्र पाठवलं.

वुनिदालो हे त्यातलं एक. समुद्राच्या काठचं, चौसष्ट माणसांचं. तिथे नवं सभागृह उभं राहत होतं. एरवी बैठकांना आणि लग्नांना, आणि वादळ आलं की सगळ्या गावाला आसऱ्याला. गावचा मुखिया इलाइतिया, साठीतला माणूस. गावात फोन लागत नसे. मागच्या टेकडीवर एका काळ्या दगडावर उभं राहिलं की लागे. तो दर सोमवारी पावणेदहाला टेकडी चढून दगडावर उभा राही.

पहिल्या फोनच्या वेळी उनाइसीने रिकाम्या हाताने बोलणी सुरू केली नाहीत. गावात पाऊल टाकायचं तर आधी यांगोनाच्या, म्हणजे कुटून, पाण्यात कालवून पितात त्या मुळ्यांची जुडी पुढे ठेवून परवानगी मागायची, ही सेवुसेवुची रीत. तिने जुडी बाजारातून आणली, मिलोच्या डब्याला फोन टेकवून उभा केला, चटईवर मांडी घातली आणि फोनपुढे जुडी ठेवून विधीचे शब्द म्हटले. तिकडून इलाइतियाने तीनदा पोकळ टाळी दिली आणि जुडी स्वीकारली. जोने दारातून बघत होता. म्हणाला, "आता ती जुडी त्यांच्या वतीने मी पितो."

फक्त एक गोष्ट राहिली. सेवुसेवुत आपण कुणाचे, कुठल्या गावचे, कुठल्या घराण्याचे, हे सांगायचं असतं. ती म्हणाली, "सुव्याच्या प्रकल्प कार्यालयाकडून." सात मिनिटांतली चार संपली होती आणि बारा प्रश्न शिल्लक होते. आपल्याकडे दोन माणसं बसस्टॉपवर भेटली तरी आधी गाव विचारतात, मग बस. पण फॉर्ममध्ये ती ओळ नव्हती, आणि या बाईने, जिला हे सगळं पाठ होतं, ती गाळली. मला अजून तिचा राग येतो, आणि तिला स्वतःचा माझ्याहून जास्त येतो.

मग सोमवार मागून सोमवार.

"नमस्कार, मुखियासाहेब. वासे आले का?"

"हो, बाईसाहेब."

"पत्रे बसले का?"

"हो, बाईसाहेब. तुमची कृपा."

"वादळपट्ट्या बसल्या का?"

वासा आणि भिंत यांना जखडणारी पोलादी पट्टी, तिला सगळे वादळपट्टी म्हणत. वारा छताखाली शिरला की खिळे उपटून निघतात, पट्टी निघत नाही.

क्षणभर वाऱ्याची घरघर. "हो, बाईसाहेब. बसल्या."

फोटो आले सहा. नवं लाकूड, त्यावर चकचकीत पट्टी, पट्टीत बोल्ट. ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी तिने पिवळी टाचणी काढून हिरवी लावली. जिल्ह्याच्या आपत्ती कार्यालयाकडे आसऱ्याच्या इमारतींची यादी गेली, तीत वुनिदालोचं सभागृह आलं. गावाच्या रातूने, म्हणजे सरदाराने, डुक्कर कापून सभागृहाचं उद्घाटन केलं. शेजारच्या वाडीलाही सांगून ठेवलं, वारं सुटलं की इकडे या.

ऑक्टोबरच्या अखेरीला, हंगाम सुरू व्हायच्या आधीच, उत्तरेला समुद्रात एक भोवरा धरला. रेडिओ म्हणाला शुक्रवारपर्यंत पोहोचेल, जोर वाढेल. त्या सोमवारी उनाइसीने गावांना फोन सुरू केले ते रेडिओ शेजारी चालू ठेवूनच. पण फळा हिरवा होता. तिने फळ्याकडे बघितलं की जरा बरं वाटत होतं.

दहाला वुनिदालो. ओळ स्वच्छ होती. बारा प्रश्न पाच मिनिटांत संपले, बाराही 'हो'. दोन मिनिटं उरली, असं कधी झालं नव्हतं. ठेवू का फोन, असं ती म्हणणार, तोच इलाइतिया घुटमळत म्हणाला, "बाईसाहेब, राग मानू नका. तुम्ही मूळच्या कुठल्या? आठ महिने झाले, गावात म्हातारे विचारतात, अन् मला सांगता येत नाही."

उनाइसीला एकदम लाज वाटली. "नांदोवूची, साहेब. माझं चुकलं, पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं."

तिला वाटलं ओळ तुटली. आणि मग टेकडीवरून अशी गर्जना आली की तिने फोन कानापासून दूर धरला.

"नांदोवू? अगं चोरटे! आठ महिने तुला बाईसाहेब बाईसाहेब म्हणतोय मी, वाकून! नांदोवूच्या खेकडीला!"

नांदोवू आणि वुनिदालो ही दोन गावं ताउवू. दोघांचा मूळपुरुष एकच देव, असं म्हणतात. ताउवू भेटले की मान-मर्यादा गुंडाळून ठेवायची. एकमेकांना हव्या त्या शिव्या द्यायच्या, एकमेकांच्या घरातली वस्तू न विचारता उचलायची, आणि कुणी रागवायचं नाही. रागावला तो हरला. उनाइसीने लहानपणी हे वडिलांकडून ऐकलं होतं, की बोटीने पलीकडे एक गाव आहे, वुनिदालो, तिथल्या माणसांना आपण काहीही बोलू शकतो. ती साफ विसरली होती. फळ्यावर त्या गावाची टाचणी लावताना विसरली होती.

"तू आवाज खाली कर, म्हाताऱ्या रताळ्या," ती हसत ओरडली. "माझ्या आजोबांनी तुमच्या गावातून डुक्कर पळवलं तेव्हा तुम्ही सगळे झोपला होता, ते विसरलास?"

"विसरेन कसा? घराण्याचाच धंदा तुमचा! अन् आता पट्ट्याही पळवल्यास होय? छताला एकशे चव्वेचाळीस लागतात, तुझ्या ऑफिसच्या पेटीत अठरा निघाल्या. बाकीच्या तुझ्या आजोबांनी डुकराबरोबर नेल्या की काय?"

तो हसत होता. तीही हसत होती. मग तिचं हसू थांबलं.

"किती म्हणालास?"

"अठरा."

"इलाइतिया, तू मला पट्ट्या बसल्या म्हणालास."

"बसल्याच की. अठरा बसल्या. किती बसल्या, हे कुठं विचारलंस?" त्याचा आवाज उतरला. "बाकी ठिकाणी खिळे मारले. चांगले लांब. वरून छताचे तक्ते लावले, आता दिसत नाही. पेनी सुतार म्हणाला, सांगू या. मी म्हटलं, एवढ्या मोठ्या ऑफिसच्या बाईने यांगोना ठेवून कृपा केलीय, तिला पहिल्याच वेळी नाही कसं म्हणायचं? पुढच्या सोमवारी सांगू. मग पुढच्या. मग तू हिरवं केलंस, रातूने डुक्कर कापलं. मग काय सांगणार, कपाळ?"

सात मिनिटं कधीच उलटून गेली होती. पुढच्या गावाचा फोन वाजून बंद पडला. तिने सहा फोटो काढून टेबलावर शेजारी शेजारी मांडले. प्रत्येक फोटोत पट्टीच्या डावीकडे लाकडात एक गाठ होती, बदामाएवढी, एका कडेला चिरलेली. सहाही फोटोंत तीच. एकच कोपरा सहा बाजूंनी काढला होता, आणि ती दोन महिने ते फोटो पुरावा म्हणून सांभाळत होती. नऊ वर्षांच्या उनाइसीला दोन मिनिटांत दिसलं असतं.

पेटीचं काय झालं ते नंतर कळलं. धक्क्यावर औषध फवारायला पेट्या उघडल्या होत्या, भरताना माल इकडचा तिकडे झाला. एकशे सव्वीस पट्ट्या अजून कुठल्यातरी गोदामात असतील. पण ते नंतरचं. आत्ता सोमवार होता, नव्या पट्ट्या नेऊ शकेल अशी मालाची बोट बुधवारी सुटायची होती, आणि दुपारी रेडिओने सांगितलं की समुद्र खवळल्यामुळे बुधवारची बोट सुटणार नाही.

तिने नायकरला फोन केला.

"एक टाचणी लाल करतेय. वुनिदालो. आसऱ्याच्या यादीतून नाव काढायला सांग, आजच."

नायकरने सगळं ऐकून घेतलं. "उनाइसी, बुधवारी पैसेवाल्यांची बैठक आहे. पुढच्या वर्षाचे पैसे त्यावर आहेत. आठ महिने आपण सांगतोय, आमची फोनवरची रीत चालते. एक टाचणी काढलीस की ते बाकीच्या तिसांचं विचारणार."

"विचारू देत. मीही तेच विचारतेय."

"बुधवारपर्यंत थांब. वादळ शुक्रवारी आहे."

"माणसं गुरुवारीच आत जाऊन बसतील! तू कधी बसलायस का छपराखाली वारं सुटल्यावर?"

"माझ्यावर ओरडू नकोस," तो म्हणाला. "मी एकटा किती टेकू लावू सगळ्याला? एक गोष्ट तरी नीट चाललीय असं मला सांगायचंय कुणालातरी. दोन दिवस दे."

तिने फोन ठेवला आणि टाचणी बदलली. वुनिदालोवर लाल.

मंगळवारी इलाइतियाला निरोप धाडून दगडावर बोलावलं. "सभागृहात कुणी जायचं नाही. मागच्या डोंगरात गुहा आहे ना? तुझे आजे-पणजे जात ती?"

"आहे. ओली आहे. वटवाघळं आहेत. म्हातारी वासेवा शहाऐंशीची, तिला पाठुंगळी न्यावं लागेल."

"मग ने."

"उनाइसी, तुला कळतंय का?" आता शिव्या नव्हत्या. "मी गावाला सांगितलंय सभागृह पक्कं आहे. रातूला सांगितलंय. शेजारच्या वाडीला सांगितलंय. आता म्हणू की मी आठ महिने खोटं बोललो? उद्या माझ्या दारात कोण उभं राहील? माझ्या नातवंडांना लोक काय म्हणतील?"

हे ती ओळखून होती. गावात माणसाची एवढीच तर मिळकत असते. तिने डोळे मिटले आणि म्हणाली, "माझ्यावर घाल. सांग की पट्ट्या नांदोवूच्या चोरटीने पळवल्या, तिने खोटी टाचणी लावली, अन् आता पकडली गेली. ताउवूंनी लुबाडलं म्हटल्यावर रातूसुद्धा हसेल. हसत हसत चढा डोंगर. मला हव्या तेवढ्या शिव्या द्या."

"तुझं नाव खराब होईल."

"ते खरंच आहे की. टाचणी मीच लावली. करशील ना? गुरुवारी सकाळी सगळे गुहेत. करशील?"

वारा घरघरला. मग तो म्हणाला, "हो."

तोच 'हो'. तोच स्वर, आधीची तीच क्षणभराची घरघर. उनाइसी फोन हातात धरून बसून राहिली. आठ महिन्यांत या माणसाने तिला तीनशेच्या वर वेळा हो म्हटलं होतं, त्यातले खरे किती होते हे त्यालाच ठाऊक.

बुधवारी बैठक. पडद्यावर अकरा चौकोन. उनाइसी नेहमीप्रमाणे फळ्यासमोर बसली, लाल टाचणी तिच्या डाव्या खांद्यावर दिसेल अशी. नायकर बोलत होता, त्याचे डोळे पुन्हा पुन्हा त्या टाचणीकडे जात होते. परदेशी बायांपैकी एकीने चष्मा वर केला आणि विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात उनाइसीचा चौकोन काळा झाला. नायकरने तिचा कॅमेरा बंद केला होता.

ती अशी भडकली की जोने कसाव्याचं पातेलं घेऊन अंगणात निघून गेला. अकरा वर्षं! तिने राजीनाम्याचं पत्र अर्ध्यापर्यंत लिहिलं. तासाभराने नायकरचा फोन आला. तिने फोन खांद्याला टेकवला आणि पत्र लिहीतच राहिली. तोच बोलला.

"जिल्ह्याला कळवलंय. यादीतून नाव काढलं. शेजारच्या वाडीलाही निरोप गेलाय." मग जरा थांबून, "कॅमेरा का बंद केला, मला माहीत नाही. घाबरलो. पण ती बाई थांबेना, टाचणी का लाल विचारत राहिली. मग सांगून टाकलं सगळं. म्हटलं, आम्ही प्रश्नच चुकीचे विचारले."

"पैसे?"

"कळवतील म्हणाल्या. पत्र लिहायला घेतलं असशील तर फाड."

गुरुवार आणि अर्धा शुक्रवार तिने उरलेल्या तीस गावांना फोन केले. फॉर्म बाजूला ठेवला. आधी मी कुठली, तुम्ही कुठले, तुमची कुणी बाई आमच्याकडे दिली आहे का, मग बाकीचं. एकेका गावाला चाळीस मिनिटं. चार गावांत पट्ट्या अपुऱ्या निघाल्या, एका टाकीला तळच नव्हता. त्यातल्या आठ गावांशी, शेवटी, नायकर स्वतः बोलला. त्याला गावांना काही विचारता येईना, म्हणून तो आईबद्दल बोलत राहिला, आणि दोन मुखियांनी त्याला सगळं सांगितलं. वुनिदालोला मात्र फोन लागत नव्हता. गुरुवारी सकाळी आठपासून दगडावर कुणी नव्हतं. गुहेत गेले म्हणून नव्हतं, की सभागृहात पत्ते कुटत बसले होते म्हणून, हे कळायला मार्ग नव्हता.

शुक्रवारी दुपारी दोनला वादळ वानुआ लेवूवर आलं. सुव्यात नुसता पाऊस. जोनेने रेडिओ बंद केला, तिने चालू केला. त्याने पुन्हा बंद केला तेव्हा म्हणाली, "हात लावलास तर हात तोडीन." चारला फोनचे मनोरे पडले आणि त्या किनाऱ्याची सगळी गावं गप्प झाली. शनिवारी नौदलाच्या विमानाने वरून फोटो काढले. वुनिदालोच्या फोटोत समुद्राजवळ एक लांबट चौकोन होता, नुसत्या भिंती, आत पाणी साचलेलं. छप्पर दोनशे मीटरवर दालोच्या, म्हणजे अळकुड्यांच्या, शेतात पालथं पडलं होतं. फोटोत माणूस एकही नव्हता. जिल्ह्याची बोट सोमवारी दुपारी पोहोचणार होती. रविवारी उनाइसी चर्चमध्ये गेली नाही. गावाची यादी घेऊन टेबलाशी बसली. चौसष्ट नावं. ती नावं तिने तोवर कधी नीट वाचली नव्हती, फॉर्ममध्ये फक्त आकडा लागायचा.

सोमवारी सकाळी दहाची मीटिंग चालू झाली आणि तिचा फोन वाजला. तिने मीटिंग तशीच चालू ठेवली, फोन उचलला.

"बाईसाहेब," इलाइतिया म्हणाला. बाईसाहेब का? "मनोरा आत्ता चालू झाला. सोमवार आहे, म्हणून केला. विचारा तुमचे प्रश्न."

तिच्या तोंडी सवयीचा फॉर्म आला. "सभागृह आहे का?"

"नाही."

"पाण्याची टाकी?"

"नाही."

"शाळा?"

"नाही."

आठ महिन्यांत ऐकला नव्हता तो शब्द एकापाठोपाठ एक येत होता. पडद्यावरचे सहा चौकोन बोलायचे थांबले होते.

"माणसं?" ती म्हणाली. "सगळी आहेत?"

वाऱ्याची घरघर. "हो."

तिने यादीवर हात ठेवला. "इलाइतिया, तुझ्या 'हो'वर मी एकदा टाचणी लावलीय."

मग तो म्हणाला, "खरंय तुझं. मग कसं करू?"

"एकेकाला फोन दे."

"सगळे इथंच आहेत. खाली घरं कुठं उरलीत? गुहेतच राहतोय." आणि मग लांबून, ओरडून, "ए, या रे इकडं! चोरटीला आवाज ऐकायचाय तुमचा!"

पहिला पेनी सुतार. "पेनी. पट्ट्या परत कर, डुक्करचोरांनो." तिने पेनीच्या नावापुढे खूण केली. मग मेरेसेइनी. "मेरेसेइनी बोलतेय. वटवाघळं माझ्या केसांत शिरली, तुझ्या केसांत शिरोत." खूण. एपेली. लिवाई. सात वर्षांची कोणी अतेलैनी, तिला शिवी येत नव्हती, मागून कुणीतरी शिकवली. दहावं नाव, विसावं नाव. प्रत्येक जण नाव सांगे आणि एक शिवी हासडून फोन पुढे देई. उनाइसी रडत होती आणि खुणा करत होती. जोने मागे येऊन उभा राहिला होता. पडद्यावर कुणीतरी हळूच म्हणालं, सव्वादहाला दुसऱ्या मंत्रालयाबरोबर बैठक आहे, सगळ्यांना तिकडे जायचंय.

"थांबू देत त्यांना," नायकर म्हणाला. त्याने आपल्याकडेही यादी उघडली होती आणि तोही खुणा करत होता.

इलाइतियासकट त्रेसष्ट झाले. मग फोन कुणालातरी नेऊन देताना दगडावरून पाय घसरल्याचा आवाज आला, आणि एक जुना, चिरका आवाज.

"वासेवा," म्हातारी म्हणाली. धाप लागली होती. "मला पाठीवरून आणली इथवर, दोनदा. अठरा पट्ट्या पाठवणारी ती तूच का गं?"

"हो," उनाइसी म्हणाली. "मीच."